वीतभर बाहेर

"म्हणजे आम्हाला तू खालच्या गटात टाकणार नाहीस?" मास्तरांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आपल्या लेकीला विचारला, पण त्यांचे हात फायर ब्रिगेडच्या कॅप्टनच्या छातीभोवती होते. कॅप्टन दोन्ही हात पसरून उभा होता आणि त्याच्या नव्या खेळाच्या शर्टाचं माप चाललं होतं.

"बाबा, मी कोणालाच कुठे टाकणार नाही," लेक म्हणाली. "जो तो आपल्या खेळानं जिथे पडेल तिथे पडेल."

"पडायचं आम्हाला नको शिकवूस, पोरी," कोपऱ्यातल्या टेबलावरून इस्त्रीकाका म्हणाले. "आम्ही इतकी वर्षं पडतोच आहोत."

कॅप्टन हसला. हसताना त्याची छाती फुगली, आणि मास्तरांना माप पुन्हा घ्यावं लागलं.

"मास्तर, अंगाबरोबर पाहिजे हां," तो म्हणाला. "एक बोटसुद्धा सैल नको. सगळ्या पोरांचं हेच म्हणणं आहे."

"या टेपवर बेतलेला एकही कपडा आजवर परत आलेला नाही," मास्तर म्हणाले. माप झाल्यावर त्यांनी टेपच्या पितळी टोकात जड लोखंडी कात्रीची मूठ अडकवली आणि टेप कात्रीसकट खिळ्याला टांगली. दुकानात कात्री सारखी हरवायची. टेप मात्र कधीच हरवत नसे. तेव्हा कात्रीला टेपच्या गळ्यात बांधायची ही युक्ती त्यांनी दुकान काढलं तेव्हाच शोधून काढली होती.

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानाची एक व्हॉलीबॉल टीम होती. मास्तर स्वतः कप्तान. मग इस्त्रीकाका, काजं करणारा आणि बटणं लावणारा, म्हणून दोन्ही कामांचं मिळून ज्याला एकच नाव पडलं होतं तो काजबटण, आणि मशीनवरचे तिघं: शर्टवाला, पँटवाला, कोटवाला. ही टीम हौशी मंडळाच्या स्पर्धेत दर वर्षी उतरायची आणि दर वर्षी एकूण एक सामना हरायची. मंडळात आजवर सगळ्या टीम एकाच ढिगात होत्या. दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या शिंप्यांसमोर शिडीवर धावत चढणारे फायरवाले उभे राहायचे, आणि सामना प्रेक्षकांचा चहा निवायच्या आत संपायचा.

या वर्षी मंडळानं ठरवलं, की टीमचे तीन गट करायचे. वरचा, मधला, खालचा. मास्तरांची लेक पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिचं आकड्यांशी पटतं म्हणून गट पाडायचं काम तिच्या गळ्यात आलं.

"सोपं आहे," ती म्हणाली. "शर्टासारखं समजा. लहान, मध्यम, मोठा. फार मोठा दिला तर माणूस आत हरवतो, फार लहान दिला तर उसवतो. आधी प्रत्येक टीमचे दोन छोटे सामने होतील. त्यात कोण जिंकलं, कोण हरलं हे धरायचं नाही. नुसतं बघायचं. त्यावरून गट."

"मग आम्हाला लहान दे ना. सगळ्यांना माहीतच आहे."

"माप न घेता?"

मास्तरांची नजर वर गेली. त्यांच्याच डोक्यावर भिंतीला पाटी होती: 'कागदावरचे माप घेतले जाणार नाही. माणूस आणावा.' कोणी दुसरीकडून माप लिहून आणलं आणि मास्तरांनी त्यावरून शिवलं, की कपडा हमखास ढगळ व्हायचा. "लोकांना साधं माप घेता येत नाही," असं मास्तर दर वेळी म्हणायचे, आणि शेवटी त्यांनी ती पाटीच लावून टाकली होती.

कॅप्टन गेला, लेक गेली, आणि इस्त्रीकाकांनी इस्त्री उभी केली.

"मास्तर, माझा हा शेवटचा हंगाम," ते म्हणाले. "तो संपला की मुलाकडे राहायला जाणार. गुडघे बोलायला लागलेत. मला कप नको, काही नको. सामना संपल्यावर हात मिळवतात ना, तेव्हा जिंकणारा म्हणतो, 'छान खेळलात.' ते मी आजवर नुसतं ऐकलंय. एकदा म्हणायचंय."

मशीनं थांबली. शर्टवाल्यानं उगाच सुईत दोरा ओवला. तो आधीच ओवलेला होता.

मास्तरांनी शटर अर्धं खाली ओढलं. "खालच्या गटात गेलो तर एखादा सामना नक्की निघेल," ते म्हणाले. "तेव्हा माप घेताना जरा पोट आत ओढून घ्यायचं."

"आपण तर न ओढताच खालचे आहोत," काजबटण म्हणाला.

"आणि बेकरीवाले आपल्याहून वाईट निघाले तर? त्या दंतवैद्यांचं तरी काय सांगावं? खात्री पाहिजे. पण हरतोय हे दिसता कामा नये. माझी पोरगी समोर बसणार आहे, तिला पाण्यातला जंतू दिसतो." मास्तरांनी खडू घेतला आणि कटिंगच्या टेबलावर चौकोन काढला. "दोन गोष्टी. एक म्हणजे, कोणीही नेहमीसारखा जोर लावायचा नाही. मागच्या रेषेपर्यंत बॉल न्यायचाच नाही. जरा आखडता घ्या. समोरच्याला सोपा जाईल. दुसरं, त्यांचा बॉल आपल्या मागच्या रेषेच्या जेमतेम आत पडतोय असं वाटलं, की हात वर करायचे, 'बाहेर' म्हणून ओरडायचं आणि सोडून द्यायचा. तो आत पडणार, पॉइंट जाणार, आणि लोक म्हणणार, बिचाऱ्यांचा अंदाज चुकला."

"छान चूक आहे," कोटवाला म्हणाला. "माणसासारखी."

पहिला सामना बेकरीवाल्यांशी होता. इस्त्रीकाकांचा बॉल आला की त्याला हात लावायचा नाही, तो आपोआप बाहेर जातो, हे मंडळातल्या प्रत्येक टीमला पाठ होतं. काकांनी ठरल्याप्रमाणे हात आखडता घेतला. बॉल जाळीवरून निवांत गेला. बेकरीवाल्यांनी सवयीनं मान वळवून तो जाऊ दिला, आणि तो मागच्या रेषेच्या बोटभर आत, अगदी कोपऱ्यात पडला.

"चुकून पडला," काका पुटपुटले.

पुढचाही तसाच पडला. मग बेकरीवाल्यांनी उलट मारलेला एक जोराचा बॉल काजबटणच्या डोक्यावरून मागे निघाला. तो जेमतेम आत पडणार असं त्याच्या अंगवळणी पडलेल्या अंदाजानं सांगितलं. त्यानं आनंदानं हात वर केले. "बाहेर!"

बॉल बाहेरच पडला.

"मास्तर, खरंच बाहेर पडला हो," काजबटण घाबरून कुजबुजला.

"मग अजून थोडा आतला सोड."

"अजून आतला सोडला तर ताईंना कळेल!"

मास्तरांनी वेळ मागून घेतली आणि सगळ्यांना गोळा केलं. "अजून हळू मारा रे! अजून हळू!" एव्हाना बेकरीवाले कोपरे राखायला मागच्या रेषेवर जाऊन उभे राहिले होते. त्यामुळे अजून हळू मारलेले बॉल जाळीच्या पलीकडे रिकाम्या जागेत टपाटप पडू लागले. पंचांच्या टेबलापाशी बसलेल्या लेकीनं पेन्सिल तोंडात धरली होती. तिच्या भुवया हळूहळू वर चालल्या होत्या.

शिंपी जिंकले. इस्त्रीकाकांनी हात मिळवायला रांगेत उभं राहताना हळूच विचारलं, "आता म्हणू का?"

"काका, हा धरायचा नाही," मास्तर म्हणाले. काकांनी तोंडापर्यंत आलेले दोन शब्द परत गिळले.

दुसऱ्या सामन्यात दंतवैद्यांसमोर ते जिवाच्या आकांतानं हरायला गेले आणि आणखी मोठ्या फरकानं जिंकले. गट जाहीर झाले. शिवणकामवाले वरच्या गटात होते आणि त्यांचा पहिला खरा सामना होता फायर ब्रिगेडशी.

त्या संध्याकाळी मास्तर ताटावर नुसते बसून होते.

"हरलात तेव्हा जेवला नाहीत, आज जिंकलात तरी जेवत नाही," त्यांची बायको म्हणाली. "पोटाला नक्की काय हवंय ते एकदा ठरवा."

"त्या मैदानात काहीतरी गडबड आहे गं. मला ते नेहमीच लहान वाटतं."

"नाचता येईना अंगण वाकडं! हरलात तरी मैदान, जिंकलात तरी मैदान."

लेकीचा घास हातातच राहिला. "बाबा, लहान वाटतं म्हणजे?"

मास्तरांना वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. "अगं, आम्ही हरायला गेलो होतो!" ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. आखडता हात, सोडलेले बॉल, अर्धं ओढलेलं शटर. सांगून झाल्यावर बोलणी खायला मान खाली घालून बसले.

बोलणी आलीच नाहीत. लेक पुढे सरकली होती. "पुन्हा सांगा. हरायला म्हणून जे जे केलंत त्यानंच जिंकलात?"

"एकूण एक गोष्टीनं."

"आणि आधी, जिंकायला खेळायचात तेव्हा, बॉल किती बाहेर जायचे?"

"वीतभर. आमचं नशीबच वीतभर तोकडं."

"इस्त्रीकाकांचे?"

"वीतभर."

"काजबटणचे?"

"त्याचेही. सगळ्यांचेच."

"सहा माणसांचं नशीब एकाच मापाचं?" लेक म्हणाली. "कापडच एका ताग्यातलं दिसतंय. चूक अशी शिस्तीत वागत नाही, बाबा. ती कधी इकडे जाते, कधी तिकडे. शिस्तीत वागते तेव्हा तिच्यामागे काहीतरी असतं."

सकाळी ती प्रयोगशाळेतली पोलादी टेप घेऊन दुकानामागच्या अंगणात गेली. टीमचा सराव रोज तिथे चालायचा. तिनं एकदा मोजलं. मग दुसऱ्या टोकाकडून मोजलं. मग शिडी लावून जाळीची उंची घेतली. तोवर तिची आई मागच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"आई," लेक म्हणाली, "अंगण खरंच वाकडं आहे."

अंगणात आखलेल्या मैदानाचा प्रत्येक अर्धा भाग नियमापेक्षा वीतभर जास्त लांब होता. जाळी चांगली तीन-चार बोटं जास्त उंच होती.

"शक्यच नाही," मास्तर म्हणाले. "नियमाचं पुस्तक समोर ठेवून मी स्वतः आखलंय. माझ्या हातानं, माझ्या टेपनं."

सगळे दुकानात आले. खिळ्याला टेप लटकत होती, तिच्या टोकाला कात्री. मास्तरांच्या घरात लेक लहानाची मोठी झाली त्या सगळ्या काळात ती कात्री तिथे अशीच लटकत होती, रात्रंदिवस टेपला खाली ओढत. लेकीनं कात्री सोडवली आणि टेप कटिंगच्या टेबलावर पोलादी टेपशेजारी सरळ पसरली. सुरुवातीचे आकडे जोडीनं निघाले. पुढे कापडी टेपचे आकडे हळूहळू मागे पडत गेले, आणि शेवटी तिचं पितळी टोक दोन बोटांहून जास्त पुढे गेलं. टेप ताणून ताणून लांब झाली होती. इस्त्रीचा एक शर्ट करपल्याचा वास आला तेव्हा काका भानावर आले.

मास्तर स्टुलावर बसले. "मग माझा एकही कपडा परत कसा नाही आला?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"कसा येईल?" लेक त्यांच्याजवळ बसली. "माणूसही तुम्ही याच टेपनं मोजता आणि कापडही याच टेपनं. ती माणसाला जेवढं फसवते, नेमकं तेवढंच कापडालाही फसवते. दोन्ही मिळून खरं होतं. मैदान मात्र पुस्तकातल्या मापानं आखायचं होतं. त्या पुस्तकाला कुठे ही टेप माहीत?"

"संसारासारखंच झालं की," मास्तरांची बायको म्हणाली. "दोघांनी एकसारखं खोटं बोलायचं, म्हणजे सगळं सुरळीत."

काजबटण भिंतीवरच्या पाटीकडे बघत होता. "म्हणजे मास्तर, लोक ते कागदावर माप आणायचे, ते बरोबरच..."

"गप्प बस," मास्तर म्हणाले. थोड्या वेळानं ते उठले आणि त्यांनी पाटी उलटी करून ठेवली.

मास्तर जे करायचे ते मनापासून करायचे. दुपारपर्यंत नवी टेप आली. जुनी टेप खणात गेली, कात्रीला स्वतंत्र खिळा मिळाला, अंगण नव्यानं आखलं गेलं. नव्या रेषांमध्ये सगळे आधी घरातलं सामान कोणी हलवून ठेवल्यासारखे धडपडले, मग हळूहळू रुळले.

"आता आम्हाला खालच्या गटात घे," मास्तर म्हणाले. "आता तर कारणही कळलं."

"पहिला सामना झाल्याशिवाय गट बदलता येत नाही. आणि आता तुम्ही खालचे आहात की वरचे, ते मलाच माहीत नाही," लेक म्हणाली. ही गोष्ट तिला झोपू देत नव्हती. "आधी तुम्ही चुकीच्या अंगणातले होतात. मग हरायला खेळलात. तुमचं खरं माप अजून कोणी घेतलेलंच नाही."

मधल्या काळात फायरवाल्यांचे शर्ट शिवून झाले. मास्तरांनी ते नव्या टेपनं, दुप्पट काळजीनं बेतले. अंगावर घालून बघायला फायरवाल्यांना बोलावलं, तर नेमकं त्याच दिवशी कुठेतरी गवत पेटलं आणि कोणी आलं नाही. सामन्याच्या सकाळी इस्त्रीकाकांनी शर्टांना कडक इस्त्री केली आणि गठ्ठा फायर ब्रिगेडला पोचता झाला.

फायरवाले मैदानात आले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. लालभडक शर्ट, छात्या पुढे, हात अंगाशी सरळ. कपड्याच्या दुकानाच्या काचेतले पुतळे दिसावेत तसे ते दिसत होते, आणि जवळजवळ तेवढेच हलत होते.

मास्तरांची सर्व्हिस आत पडली. काजबटणनं बॉल उचलून दिला, इस्त्रीकाकांनी मारला, आणि तो अडवायला कॅप्टननं उडी घेतली. त्याचे हात कानापर्यंत गेले. तिथेच थांबले. कॅप्टनच्या चेहऱ्यावर, जिन्यात अजून एक पायरी असेल असं वाटून पाऊल टाकलेल्या माणसाचे भाव आले. बॉल त्याच्या बोटांवरून आरामात पलीकडे गेला. मग कुठूनतरी आवाज आला, टर्र.

पंचांच्या टेबलापाशी लेकीनं कपाळाला हात लावला. माप घेतलं होतं जुन्या, लांबलेल्या टेपनं, म्हणजे ते कमीच भरलं होतं. कापड बेतलं होतं नव्या. दोन्ही मापं एकाच टेपची असली तरच खरं होतं, हे तिनंच सगळ्यांना समजावलं होतं, आणि मग ती टेप खणात जाताना तीही शेजारीच उभी होती.

"आम्ही बनियनवर खेळतो," पहिला सेट गेल्यावर कॅप्टन पंचांना म्हणाला. पंच दंतवैद्यांपैकी होते आणि नियमांच्या बाबतीत दातांइतकेच कडक होते.

"टीमचा शर्ट सक्तीचा आहे," ते म्हणाले. "नियमात बनियन नाही."

दुसऱ्या सेटमध्ये फायरवाले कोपरं अंगाला चिकटवून, पेंग्विनसारखे धावत होते. आणखी तीन बगला उसवल्या. शिट्टी वाजली. शिवणकामाच्या दुकानाची टीम पहिल्यांदा खरा सामना जिंकली होती. हा सामना धरला जाणार होता.

शर्टवाला, पँटवाला आणि कोटवाला एकमेकांच्या गळ्यात पडले. मास्तरांनी इस्त्रीकाकांना रांगेत सगळ्यात पुढे केलं. "जा काका. म्हणा."

काका कॅप्टनसमोर उभे राहिले. कॅप्टननं हात पुढे केला, तो कोपरापासूनच. काकांनी तोंड उघडलं. "छान..." आणि त्यांची नजर कॅप्टनच्या बगलेवर गेली. आयुष्यभर शिवणींवरून इस्त्री फिरवलेला माणूस तो. सकाळी घाईत जे दिसलं नव्हतं, ते त्यांना आता दिसलं.

"मास्तर, हे बेतलेत कधी?"

"नवीन टेप आल्यावर."

"आणि मापं?"

"मापं जुन्या..." एवढं म्हणून मास्तरांनी डोक्याला हात लावला.

"आज नाही म्हणत," इस्त्रीकाका कॅप्टनला म्हणाले.

"काय नाही म्हणत?"

"ते राहू द्या. सगळे शर्ट काढून द्या. बगलेत पट्टी घालून देतो, मग पुन्हा खेळू."

"अहो काका, पण तुम्ही जिंकलात की!"

"मी कुठला? टेप जिंकली," काका म्हणाले आणि शर्ट गोळा करायला लागले.

पंचांनी कुरकुर केली, पण दोन्ही टीमच राजी असल्यावर त्यांना नियम सापडेना. पुढच्या आठवड्यात सामना पुन्हा झाला. फायरवाल्यांचे हात आता आभाळापर्यंत जात होते. शिंपी हरले. पण प्रेक्षकांचा चहा निवला, दुसरा मागवावा लागला, आणि शेवटच्या बॉलला कॅप्टन स्वतः जमिनीवर आडवा पडला होता. उठून धापा टाकत तो जाळीपाशी आला.

"छान खेळलात," तो काकांना म्हणाला. ते म्हणायला त्याला मधे एकदा श्वास घ्यावा लागला.

काकांनी त्याचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. घरी आल्यावर त्यांनी मुलाला फोन केला. या वर्षी काही येणं जमत नाही, इथलं एक काम राहिलंय, म्हणाले. मुलानं गुडघ्यांचं विचारलं. "गुडघे काय, बोलतात. आपण ऐकायचं नाही," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानात मास्तर एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते. शेजारी काजबटण तेच माप कागदावर उतरवत होता. लेक आत आली.

"गट ठरला, बाबा. मधला."

"मधला?" मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "सैल नाही ना होणार? आणि तंगही नको हां, पोरी."

"अगदी अंगाबरोबर आहे. या वेळी नीट माप घेऊन सांगतेय."

मास्तरांनी गिऱ्हाइकाच्या गळ्यातली टेप काढली, हातात धरून उलटसुलट न्याहाळली, आणि लेकीकडे बघत विचारलं,

"कुठल्या टेपनं?"